सिलेंडर लावल्याची तारीख

राजापूर तालुक्यातल्या आमच्या सासुरवाडीला स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात एकादश्या, संकष्ट्या, दूधवाल्याचे खाडे हे सगळं आलंच. पण दर पाच-सहा आठवड्यांनी एका चौकोनात बारीक अक्षरात 'सि. लावला' असंही लिहिलेलं सापडतं. अक्षर माझ्या थोरल्या मेहुण्यांचं. मुंबईतल्या एका रिफायनरीत ते चौतीस वर्षं होते. निवृत्तीनंतर गावी आले ते साठ्याचा हिशेब ठेवायची सवय घेऊनच. तांदूळ, नारळ, सरपण, गॅस, कशाचाही अंदाज त्यांना विचारावा.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं तिकडे होतो. आमची लेक राज्याच्या भार प्रेषण केंद्रात काम करते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज लागेल, ती कुठून येईल हे जुळवायचं, असं तिचं काम. मामा-भाचीचं सूत चांगलं जमतं, म्हणजे दोघं सतत भांडतात.

त्या दिवशी सकाळी घावणे चालले होते आणि तिसऱ्या घावण्याला गॅस गेला. जोडीचा सिलेंडर आधीच रिकामा, नंबर लावलेला. लेकीने मोठ्या उत्साहाने पुण्याहून आणलेली इंडक्शन शेगडी काढली. बिडाचा तवा त्यावर चालतो हेही सगळ्यांना ऐकवलं. दोन घावणे झाले, आणि बाहेर वारा सुटला, कुठेतरी फांदी तारेवर आली, लाईट गेली. वहिनी काही बोलल्या नाहीत. पीठ उचलून त्या मागच्या पडवीत गेल्या आणि चुलीत जाळ केला. आम्ही पाठोपाठ.

"बघितलंस बाय?" मेहुणे पाटावर बसत म्हणाले. "आपल्या देशाचं ऊर्जा नियोजन. एक संपलं, दुसरं गेलं, आणि धूर तुझ्या मामीच्या डोळ्यांत."

"मामा, सिलेंडर कधी लावला ते तुझ्याकडे लिहिलेलं आहे. मग रिकामा पडला कसा?"

"नंबर लावून बारा दिवस झाले."

"म्हणजे तुझ्याकडे नोंद आहे, साठा नाही."

हे त्यांना लागलं. साठा हा त्यांच्या आयुष्याचा विषय. घावणा बाजूला ठेवून त्यांनी सुरुवात केली.

"साठा म्हणजे काय ते सांगतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळचं पादूर. या तीन ठिकाणी खडकाच्या पोटात गुहा खोदून देशाने कच्चं तेल भरून ठेवलंय. आतून ना पत्रा, ना अस्तर. नुसता खडक. तेल गळत नाही कारण भोवतालच्या खडकातलं पाणी त्याला आत दाबून धरतं. ते पाणी हटू नये म्हणून वरून मुद्दाम पाणी सोडत राहायचं. तिन्हीत मिळून ५३ लाख ३० हजार टन."

"किती दिवसांचं?"

"साडेनऊ."

"साडेनऊ दिवस!" माझी बायको चुलीपाशी होती, ती हसलीच. "आमच्या घरात मिठाचा साठासुद्धा त्याहून मोठा असतो."

"कंपन्यांच्या टाक्यांमधलं धरलं तर सत्तर-पंच्याहत्तर दिवस होतात. श्रीमंत देशांनी १९७३ च्या तेलटंचाईचा दणका खाल्ल्यावर आपसात ठरवलेला नियम नव्वद दिवसांचा आहे. आपण तिथे पोचलेलो नाही. म्हणून मी म्हणतो, आधी गुहा खोदा. सौर, पवन, सगळं करा, पण आधी टाकी भरा. १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम कुवेतमध्ये शिरला तेव्हा मी शिफ्टला होतो. तेलाचे भाव बघता बघता दुपटीच्या वर गेले. पुढच्या जुलैपर्यंत देशाचं ४७ टन सोनं गहाण पडलं. आपलं सोनं विमानात घालून लंडनला पाठवावं लागलं, कशापायी? तेलापायी."

लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, तेव्हा टाकी रिकामी नव्हती. खिसा रिकामा होता."

"म्हणजे?"

"तेल विकायला जगात माणसं होती. आपल्याकडे डॉलर नव्हते. साडेनऊ दिवसांच्या काय, नव्वद दिवसांच्या गुहा असत्या तरी तीन महिन्यांनी बिल आलंच असतं. गुहेने वाईट आठवडा निभावतो, वाईट दशक नाही. आणि बिल कशाने फुगतं? २०१५ साली आपण सुमारे ७७ टक्के तेल बाहेरून आणत होतो. २०२२ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांनी खाली आणायचं असं तेव्हा जाहीर झालं. आज ते ८८ च्या घरात आहे."

"कारण घरचं तेल आटलं. हे बघ." मेहुण्यांनी पाकिटातून एक रुपयाची नोट काढली. आता ही नोट फक्त आहेराच्या पाकिटात दिसते. मागच्या बाजूला समुद्रातला एक मनोरा छापलेला होता. "सागर सम्राट. १९७४ च्या फेब्रुवारीत याने बॉम्बे हायला तेल काढलं. मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवर, समुद्रात. मी नोकरीला लागलो तेव्हा ते तेल नुकतं किनाऱ्याला लागत होतं. ऐंशीच्या दशकात तर देशाच्या गरजेचं निम्म्याहून बरंच जास्त तेल घरचं असायचं. आज तीच विहीर म्हातारी झाली आणि गरज कितीतरी पटींनी वाढली. नवी सापडायला हवी. खोदल्याशिवाय कशी सापडेल?"

"खोदा की. नाही कोण म्हणतंय? पण सापडेल यावर योजना आखायची नसते."

इथे मी तोंड घातलं. पेपर वाचणाऱ्या माणसाला असतो तसा माझा एक भाबडा प्रश्न होता. देशात सौर वीज १०० गिगावॅटच्या वर गेली, जिकडे तिकडे निळी पॅनेलं दिसतात, मग तेलाची आयात का घटत नाही?

दोघंही माझ्याकडे एकाच नजरेने बघायला लागली. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"बाबा, आपल्याकडे तेलापासून वीज जवळजवळ बनतच नाही," लेक म्हणाली. "वीज बनते कोळशापासून. पॅनेल लावलं तर कोळसा वाचेल, तेलाचा थेंब वाचणार नाही. तेल कुठे जातं? ट्रकमध्ये, बसमध्ये, स्कूटरमध्ये, विमानात. त्या जागी विजेवर चालणारं काही आलं तरच त्या पॅनेलचा तेलाशी संबंध."

"आणि तरीही नाही," मेहुणे म्हणाले. "भाऊजी, हा नारळ बघा."

कोपऱ्यातून त्यांनी खरंच एक नारळ आणला. चौतीस वर्षांची नोकरी त्यांनी पाच मिनिटांत त्या नारळावर मांडली, आणि मला वाटतं सबंध वादात मला नवीन कळलं ते हेच.

"नारळ फोडला की नुसतं खोबरं येत नाही. सोडण येतं, करवंटी येते, पाणी येतं. तुम्हाला खोबरंच हवं असलं तरी घ्यावा सगळाच लागतो. कच्च्या तेलाचं तसंच आहे. ते तापवून उंच मनोऱ्यात सोडलं की वर गॅस, खाली नाफ्ता, पेट्रोल, मग विमानाचं इंधन, मग डिझेल आणि अगदी तळाला डांबर. प्रमाण थोडं इकडे तिकडे करता येतं, कारखाना त्यासाठीच असतो, पण एका पिंपातून हवं तेवढं डिझेल काढेन म्हटलं तर जमत नाही. आता देशाचा हिशेब बघा. वर्षाला सुमारे २४ कोटी टन इंधन लागतं. त्यात डिझेल जवळपास ९ कोटी टन. पेट्रोल चार कोटींच्या आसपासच. पुण्यातल्या सगळ्या पोरांनी उद्या इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्या तर पेट्रोल उरेल. पण डिझेलसाठी तेवढंच कच्चं तेल आणावं लागेल, आणि उरलेलं पेट्रोल जहाजात भरून विकावं लागेल. आताही आपण वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास माल बाहेर विकतोच."

"म्हणजे स्कूटर घेऊन उपयोग नाही?" बायकोने विचारलं. तिने नुकतीच घेतली होती.

"गावातली हवा सुधारेल. आयात कमी करायची तर डिझेलला हात घालावा लागेल."

इथेनॉलचा विषय आपोआप निघाला आणि लवकर मिटला. उसाच्या पट्ट्यात याला केवढा मान आहे हे मी जाणतो, पण २० टक्के इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये, आणि पेट्रोल म्हणजे एकूण इंधनाचा सहावा हिस्सा. लेकीने बोटांवर हिशेब केला. एकूण इंधनाच्या जेमतेम तीन टक्के, आणि इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा कमी म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही थोडं उणंच. २०२३ च्या डिसेंबरात साखरेची चिंता पडली तेव्हा सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. मग मक्याकडे धाव, आणि मका महागल्यावर कोंबडीवाले रडले. "वाईट नाही," मेहुणे म्हणाले, "पण ही कोशिंबीर आहे, जेवण नव्हे."

जेवण म्हणजे ट्रक. लेक इथे रंगात आली.

"कोलाडला ट्रक रेल्वेवर चढवतात ते पाहिलंय ना बाबा? भरलेले ट्रक थेट वाघिणीवर, ड्रायव्हर केबिनमध्येच झोपलेला. थेट वेर्ण्याला आणि सुरतकलला उतरायचं. १९९९ पासून चालू आहे. २०२२ मध्ये कोकण रेल्वेची सगळी लाईन विजेवर आली. म्हणजे तो ट्रक डिझेलचाच, पण तेवढं अंतर विजेवर जातो. घाटात इंजिन ओढत नाही, टायर झिजत नाहीत. ही खरी तेलाची विहीर. समुद्रात खोदायला नको."

"आणि किती ट्रक जातात? महामार्गावर उभी राहून बघ."

"महामार्गाचं नाव काढू नकोस," वहिनी चुलीपाशून म्हणाल्या. मुंबई-गोवा महामार्गावर कोकणातला कोणीही माणूस एका वाक्यात थांबत नाही, म्हणून तो विषय मी इथे टाळतो.

"कमीच जातात," लेकीने कबूल केलं. "स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा. आता तिसरा हिस्साही धड नाही. हे कुणी एके दिवशी ठरवलं नाही. रस्ते झाले, ट्रक आले, मालवाहतुकीचं भाडं चढवून तिकिटं स्वस्त ठेवली, दारात माल पोचवायची रेल्वेने कधी फिकीर केली नाही. मामा, तेलाच्या आयातीचा निर्णय तेलखात्यात होतच नाही. रेल्वेचं भाडं ठरवणाऱ्याच्या टेबलावर होतो, एसटीच्या डेपोत होतो, ट्रकला कर्ज देणाऱ्या बँकेत होतो. आज कुणी ट्रक घेतला की तो पंधरा-वीस वर्षं डिझेल पिणार. २०४० ची आयात आज शोरूममधून बाहेर पडतेय."

"अगदी बरोबर," मेहुणे म्हणाले. "आणि म्हणूनच २०४० पर्यंत त्या ट्रकला डिझेल कोण देणार, हे मी विचारतो. तू नव्या ट्रकचा विचार करतेस. मी जुन्याचा. जुना ट्रक ज्याचा आहे तो कर्जाचे हप्ते फेडतोय, त्याला २०७० चं शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट सांगून भागत नाही."

ही माझ्या मते भांडणाची खरी जागा होती. एकाला वाईट आठवड्याची भीती, दुसरीला वाईट पंचवीस वर्षांची, आणि दोघंही त्याला नियोजनच म्हणत होती.

मी मुद्दाम बारसूचं नाव काढलं. सहा कोटी टनांची रिफायनरी आधी नाणारला येणार होती. २०१९ मध्ये ते बारगळलं आणि मग बारसू-सोलगावचं नाव आलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर बायाबापड्या आडव्या झाल्या. त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. याच तालुक्यात जैतापूरचा अणुप्रकल्पही यायचा आहे, ९,९०० मेगावॅटचा, तोही कागदावरच. एका तालुक्याने देशाची किती ऊर्जा अंगावर घ्यायची?

"दादा, तुम्ही रिफायनरीवाले. तुम्ही कुठल्या बाजूला होतात?"

ते बराच वेळ विस्तवाकडे बघत राहिले.

"रिफायनरीच्या बाजूने बोलायला मला बोलावलं होतं. गेलो नाही. देशाला ती लागेल असं मला आजही वाटतं. पण कामावरून घरी आलो की आई म्हणायची, कपडे बाहेर काढ, वास येतो. चौतीस वर्षं. इथल्या आंब्याच्या बागेत तो वास आणा म्हणायला तोंड उचललं नाही. विरोधाच्या कागदावर सहीही केली नाही. दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज आहेत."

लेकीने त्यांच्या पानात एक घावणा वाढला. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

मग मेहुण्यांनीच उट्टं काढलं. "तुझ्या विजेचं सांग. संध्याकाळी सातला काय करतेस?"

"संध्याकाळी सातला घाम पुसते," ती म्हणाली. "खरं सांगते. दुपारी सूर्य इतकी वीज देतो की कोळशाची केंद्रं खाली ओढावी लागतात. सूर्य उतरला की दोनेक तासांत ती सगळी भरून काढायची, वर घराघरांत दिवे आणि एसी. तेव्हा कोयना लागते. मिनिटांत चालू होते. पण कोयनेचं पाणी पश्चिमेला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच सोडता येतं, लवादाने ठरवलेलं. वर्ष मोजायचं १ जूनपासून. आता मे चाललाय. कोटा तळाला."

"म्हणजे तुझाही सिलेंडरच."

"सिलेंडरच. आणि मीही तारीख लिहून ठेवते." ती हसली. "म्हणून घाटघरसारखे आणखी प्रकल्प हवेत. दुपारच्या फुकट विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. शेतीपंप दिवसा चालवायचे. ते काम सुरू झालंय. सौर वाहिन्यांवर जिथे दिवसा वीज मिळते तिथे रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं थांबलं, साप चावायचे थांबले. आणि वीज साठवायला बॅटऱ्या."

"चीनच्या."

"बऱ्याच चीनच्या."

"मग काय मिळवलंस? होर्मुझच्या सामुद्रधुनीतून सुटलीस आणि शांघायच्या बंदरात अडकलीस. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने मोटारीतल्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा आपल्या गाडीवाल्यांची पळापळ झाली की नाही?"

"झाली. पण मामा, मामीच्या घरी जातं आहे. ते ज्या गावाहून आणलं तिथल्या पाथरवटाने उद्या भांडण काढलं तर काय होईल? नवं जातं मिळणार नाही. दळण थांबणार नाही. पॅनेल एकदा बसलं की पंचवीस वर्षं दळतं. तेल म्हणजे पीठ विकत आणणं. भांडण झालं की त्याच दिवशी चूल थंड."

"जात्याची पाळी झिजते."

"झिजते ना. वेळ मिळतो मात्र. आणि त्या वेळात आपण टाकी लावायला शिकू शकतो."

मेहुण्यांना हे मनातून पटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. "दाभोळ आठवतं? तिथेही वीजच होती. १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्त्यावर. नाफ्त्याचा दर जगाचा, करार डॉलरचा, ग्राहक मात्र आपला. दोन वर्षांत वीज मंडळाने हात वर केले. वीज आहे म्हणजे तेलातून सुटका झाली असं नाही, विजेच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं."

"ते मान्य."

"आणि गॅसचं विसरू नकोस. या चुलीवरच्या धुरातून बायकांना काढायचं म्हणून कोट्यवधी घरांत सिलेंडर दिले. चांगलंच केलं. पण निम्म्याहून जास्त गॅस बाहेरचा, त्यातला बहुतेक आखातातला."

"आणि ज्याला स्वस्त व्हायला हवं ते कधी होत नाही," माझी बायको म्हणाली. "भाव चढले की आपल्याला चढा दर. उतरले की?"

"उतरले की सरकारला हर्ष," मेहुणे म्हणाले. "२०२० च्या मे महिन्यात जगात तेलाला कुत्रं विचारत नव्हतं. एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क चढलं. त्याच दिवसांत त्या गुहाही पिंपाला १९ डॉलरने भरून घेतल्या. पाच हजार कोटी वाचले. ते मात्र शहाणपणाचं."

"आणि ज्या दिवशी ट्रक विजेवर जातील, त्या दिवशी तो कर कुठून येणार?" लेकीने विचारलं. "केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्यांचा व्हॅट त्या पंपावर उभा आहे. दारूबंदी करायची आणि उत्पन्नही दारूचंच, अशी गत. यावर कुठल्या योजनेत पान नसतं."

या प्रश्नावर मेहुण्यांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

घावणे संपले. फ्रीजची घरघर ऐकू आली, म्हणजे लाईट आली असणार. लेक आत गेली, पेनने कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात 'सि. संपला'च्या खाली लिहून आली: 'लाईट ११.१० ते १.४०'. मेहुण्यांनी चष्मा लावून ते तपासलं आणि मान हलवली.

दक्षिणेकडून आभाळ भरून येत होतं. अंगणात वर्षभराचं सरपण उघड्यावर पडलं होतं. गॅस असो, वीज असो, न्हाणीघरातलं पाणी इथे लाकडावरच तापतं. वहिनींनी पदर खोचला आणि दोघांनाही उठवलं. मामा-भाची मोळ्या उचलून खोपीत रचायला लागली. मेहुणे सवयीने मोजत होते.

"किती दिवसांचं झालं?" लेकीने विचारलं.

"आत्ता जे आत आलं ते? दहा."

"देशापेक्षा अर्धा दिवस जास्त."

"मोजणं नंतर करा," वहिनी ओरडल्या, "आधी ती ताडपत्री आणा. थेंब पडायला लागले."